पाहिलेले, ऐकलेले, वाचलेले : चितमपल्ली यांच्या पक्षिलेखनाविषयी

नोव्हेंबर उजाडला की चंद्रपूरच्या आसपासच्या तलावांकाठी पहाटेच माणसांची वर्दळ सुरू होते. गळ्यात दुर्बिणी, हातात वह्या, डोक्यावर टोप्या. शाळेची मुले असतात, निवृत्त शिक्षक असतात, खाणींतील आणि वीज केंद्रातील कामाची पाळी संपवून थेट आलेली मंडळीही असतात. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालीम अली यांचा. या दोन तिथींमधले दिवस महाराष्ट्र शासनाने 2020 पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरे करावयाचे ठरविले. एका मराठी लेखकाच्या जन्मदिवसापासून आठवडा सुरू होतो आणि त्या आठवड्यात लोक पुस्तक मिटवून घराबाहेर पडतात, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. लेखकाला यापेक्षा निराळा मान कोणता हवा?

18 जून 2025 रोजी सोलापुरात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, चितमपल्ली यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यानंतर त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ‘अरण्यऋषी’ हे बिरूद जवळजवळ प्रत्येक मथळ्यात होते. परंतु ऋषी म्हटले की समीक्षा थांबते. ऋषीच्या पायाशी बसावयाचे असते, त्याच्या वाक्यांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढावयाचे नसते. आम्ही त्यांचे जुने वाचक आहोत. त्यांच्या पुस्तकांनी आम्हांला परसातल्या पक्ष्यांकडे पाहावयास शिकविले, आणि म्हणूनच त्यांच्या लेखनाचा हिशेब भक्तिभावाने नव्हे, तर कृतज्ञतेने करावा असे आम्हांस वाटते. कृतज्ञ माणूस हिशेब नीट ठेवतो.

प्रथम थोडक्यात चरित्र. 1932 साली सोलापुरात जन्म, कोइमतूर येथे वनशिक्षण, आणि मग 1990 पर्यंत वनखात्यात नोकरी. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारी ठिकाणे. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तके, ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र आणि ‘पक्षिकोश’ हा संदर्भग्रंथ मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. 2006 साली सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आमच्या वाचकांना याच खुर्चीवर 2020 साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे बसलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो सहज आठवतील. वसईच्या हिरवाईसाठी झगडलेला धर्मगुरू आणि रानात हयात घालविलेला वनाधिकारी, दोघेही मराठी साहित्याच्या मध्यभागी येऊन बसले, हे या भाषेला भूषणावहच म्हटले पाहिजे.

नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे. चितमपल्ली तेथे होते तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. आम्हां चंद्रपूरकरांना मात्र तो परका वाटत नाही. बल्लारशाहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की मूल, नागभीड, वडसा, अर्जुनी ही स्थानके एकामागून एक येतात आणि खिडकीबाहेर तेच तलाव, तीच भाताची खाचरे, त्याच बांधांवरचे मोह आणि चिंचा. जुन्या मालगुजारीतले हे तलाव चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांचे वैभव आहेत. कमळपक्षी, चांदवा, अडई, पाणकावळा आणि उघड्या चोचीचा करकोचा ही चारही जिल्ह्यांची सामाईक प्रजा आहे. तेव्हा त्यांचे नवेगाव आम्ही नेहमी आमचेच रान म्हणून वाचीत आलो.

या लेखनाचा पहिला आणि सर्वांत टिकाऊ गुण म्हणजे नाव. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला पक्ष्याचे नाव विचारले तर तो ‘चिमणी, कावळा, पोपट’ यांपुढे जात नाही, आणि गेला तर इंग्रजीत जातो. चितमपल्ली यांनी मराठी माणसाला त्याच्या भाषेतलीच नावे परत दिली. ‘पक्षिकोशा’त एकाच पाखराची निरनिराळ्या प्रदेशांतली नावे शेजारीशेजारी मांडलेली आढळतात, संस्कृत नाव वेगळे, शास्त्रीय नाव वेगळे. जेथे शब्द नव्हता तेथे त्यांनी तो घडविला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ आणि कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ हे त्यांनी रूढ केलेले शब्द ज्याने एकदा वाचले त्याला गावातल्या चिंचेवर दाटलेले करकोचे केवळ घाण करणारे पक्षी म्हणून पुन्हा दिसत नाहीत. तेथे एक वस्ती आहे आणि तिला नाव आहे, हे त्याच्या मनात राहते. फादर स्टीफन्स यांनी आपल्या पुराणात भाषांमधील मराठीची थोरवी सांगताना पक्ष्यांतील मोराची उपमा योजिली होती. त्यानंतर चार शतकांनी एका मराठी लेखकाने उपमा उलटी फिरविली आणि मोरापासून रातव्यापर्यंत प्रत्येक पक्ष्याला भाषेत जागा करून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

नावात किती पाहणे साठविलेले असते, हे आमच्या परसात आम्हांला कळले. आमच्या घरामागे कडुनिंब, पेरू, शेवगा आणि जास्वंदीचे कुंपण एवढीच बाग. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही निंबाखाली मातीच्या पसरट थाळीत पाणी ठेवतो. दुपारी बाराच्या सुमारास सारा परिसर निपचित पडतो तेव्हा दूर कोठेतरी कोणी हातोडीने तांब्याचे भांडे घडवीत बसल्यासारखा ठोका पडत राहतो. तो तांबट. ज्याने हे नाव प्रथम ठेवले त्याचा कान केवढा तयार असेल! शेवग्याच्या पानांत दोन पाने शिवून घर करणारा शिंपी, तारेवर बसून इतरांवर नजर ठेवणारा आणि घारीलाही पिटाळून लावणारा कोतवाल, सातआठांच्या टोळीने पालापाचोळा उलथणारे सातभाई, पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा, ही सारी नावे म्हणजे कोणा अज्ञात माणसांनी केलेली निरीक्षणेच होत. चितमपल्ली वाचल्यावर आमच्या घरातली लहान मुले पाण्याच्या थाळीवर येणाऱ्यांना नावांनी ओळखू लागली. आनंदाचे हे पहिले पाऊल त्यांच्या पुस्तकांमुळे पडले, हे आम्ही कधीही नाकारणार नाही.

परंतु याच नावांपाशी आमचा पहिला प्रश्नही उभा राहिला. ‘सुगरण’ हे नाव घ्या. किती सुंदर! पण ते विणलेले, लोंबते घरटे नर बांधतो. मादी येते, पाहते आणि पसंत पडले तर राहते. लोकांनी मात्र घराचे कौशल्य पाहून ते बाईचेच असणार असे गृहीत धरले आणि पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले. ‘वेडा राघू’ घ्या. तो राघूही नाही आणि वेडा तर मुळीच नाही. हवेतली माशी अचूक टिपून पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसणाऱ्याला वेडा म्हणणारे आपणच अजाण. म्हणजे लोकांच्या शब्दांत ज्ञान असते आणि त्याच शब्दांत चूकही असते. दोन्ही एकाच दाण्यात असतात. ती पाखडून वेगळी करण्याचे काम कोणी करावयाचे?

चितमपल्ली यांच्या लेखनावर आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. त्यांच्या पानावर तीन प्रकारची माहिती एकत्र नांदते. काही त्यांनी स्वतः पाहिलेले असते. काही कोणा वाटाड्याने, धीवराने, गोंडाने सांगितलेले असते. काही संस्कृत ग्रंथांत वाचलेले असते. हंसदेव या जैन पंडिताचा मृगपक्ष्यांवरील ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, ‘आनंददायी बगळे’ या पुस्तकात संस्कृत वाङ्मयातील बगळ्यांचा माग काढला, हे कार्य मोठेच आहे. पण ललित लेखात हे तिन्ही प्रवाह एकाच शांत, ठाम सुरात वाहतात. वाक्याची ठेवण बदलत नाही, आवाज चढत नाही, शंका डोकावत नाही. त्या सुराची मोहिनी अशी की निरीक्षण कोठे संपले आणि दंतकथा कोठे सुरू झाली हे वाचकाला कळत नाही, आणि कळावे अशी त्याची इच्छाही राहात नाही. पशुपक्ष्यांची भाषा शिकविणाऱ्या ‘निळावंती’ या ग्रंथाची आख्यायिका त्यांच्या हाती आली की ती वाचताना शहाणासुरता माणूसही क्षणभर तो ग्रंथ शोधू लागतो.

कोणी म्हणेल, ललित लेखनाला शास्त्राच्या तागडीत का तोलता? आमचे म्हणणे असे की हे लेखन लोक ललित म्हणून वाचीत नाहीत, माहिती म्हणून वाचतात. कावळ्याच्या घरट्याचा आडाखाच पाहा. कावळ्याने आंब्यासारख्या झाडावर घरटे केले तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर पाऊस कमी, हे चितमपल्ली यांच्या नावाने दर मे महिन्यात पुन्हा पुन्हा छापले जाते. शेतकरी ते वाचतो, शाळकरी मुलगी ते निबंधात लिहिते. आमच्या घरातही एकदा प्रश्न आला, “हे खरे आहे का?” आम्ही उत्तर दिले नाही, एक वही दिली. तीन वर्षे आमच्या गल्लीतील कावळ्यांच्या घरट्यांची नोंद त्या वहीत झाली. पहिल्या वर्षी आडाखा जुळला आणि आम्ही हरखलो. दुसऱ्या वर्षी एकाच आठवड्यात एक घरटे आंब्यावर झाले आणि दुसरे शंभर पावलांवरच्या बाभळीवर! तिसऱ्या वर्षी बाभूळच तोडली गेली. तेव्हा वही ठेवणारीने विचारले, “आता कावळ्याने कशावर विश्वास ठेवायचा?” आम्ही हसलो खरे, पण त्या प्रश्नात तथ्य होते. झाडेच उरली नाहीत तेथे झाडांच्या निवडीवरून भाकीत कसे करणार? तीन वर्षांच्या एका गल्लीच्या नोंदीने काही सिद्ध होत नाही. मात्र एक झाले. वाचलेले वाक्य तपासून पाहण्याची सवय त्या मुलीला लागली. चितमपल्ली यांनी स्वतः आपल्या वाक्यापुढे ‘असे लोक सांगतात, मी ताडून पाहिलेले नाही’ एवढे जोडले असते, तर ही सवय महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लागली असती.

येथे किरण पुरंदरे यांच्या ‘सखा नागझिरा’ची तुलना उपयोगी पडेल. नागझिऱ्याच्या रानात चारशे दिवस मुक्काम करून लिहिलेले ते पुस्तक. रान एक, काळ मोजलेला, पाहणारा एक. वाचकाला आपण कोणाच्या डोळ्यांनी काय पाहतो आहोत हे पक्के ठाऊक असते. त्या पुस्तकात चितमपल्ली यांच्यासारखे संस्कृतचे आणि लोककथांचे भरलेले कोठार नाही हे खरे, पण विश्वासाची वीट पक्की आहे. उलट सालीम अली यांची परंपरा पाहा. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारली, तिचे नाव कळेना, म्हणून ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि पुढचा सारा जन्म पक्ष्यांमागे गेला. म्हणजे भारतीय पक्षिशास्त्राची एक वाट मेलेल्या पाखरापासून सुरू झाली. मराठी मनाची वाटही तशीच. रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता ज्या पिढ्यांनी शाळेत पाठ केली, त्यांना पाखरू प्रथम करुणेचा विषय म्हणून भेटले. चितमपल्ली यांचे वेगळेपण हे की त्यांच्या पानांवरचे पाखरू बहुधा जिवंत असते आणि आपल्या कामात गढलेले असते. त्याला आपली दया नको असते. आपण गप्प बसावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

ही गप्प बसण्याची शिकवण किती अवघड आहे याचा अनुभव आम्हांस काही वर्षांपूर्वी आलापल्लीच्या रानात आला. तो येथे सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या समीक्षेतला सर्वांत कठीण मुद्दा त्यातूनच आला.

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीजवळ सागवानाच्या जुन्या रानाचा एक तुकडा मुद्दाम न तोडता राखलेला आहे. त्याला 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जूनचा आरंभ होता. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते. आम्ही दहाबारा जण पहाटे निघालो होतो, आणि सर्वांना पाहावयाचा होता नवरंग. दक्षिणेकडे आणि श्रीलंकेत हिवाळा काढून हा पक्षी पावसाच्या तोंडावर मध्य भारताच्या रानांत विणीसाठी येतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी शीळ घालतो. तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, ते यामुळेच. शीळ ऐकू आली, पण पक्षी दिसेना. अर्धा तास गेला. तेव्हा आमच्यातील एकाने खिशातून फोन काढला, त्याला छोटा ध्वनिवर्धक जोडला आणि नवरंगाची ध्वनिमुद्रित शीळ लावली. क्षणात झुडपातून तो बाहेर आला. हिरवा, निळा, बदामी, पोटाखाली लाल. उघड्यावर येऊन, पंख थरथरवीत, इकडेतिकडे पाहात तो ओरडू लागला. कॅमेरे खटखटले. पुन्हा शीळ लावली. पुन्हा तो आला. असे चारपाच वेळा झाले. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हीही आनंदात होतो. आम्ही कोणाला थांबविले नाही.

वाटेच्या कडेला एक दहाबारा वर्षांचा मुलगा उभा होता. गावातलाच, गळ्यात गलोल. आमच्यातील एका बाईंनी त्याला पाहून आमच्या पिढीच्या सवयीने समजावले, “बाळा, पाखरे मारू नयेत.” मुलाने तिकडे लक्ष दिले नाही. तो झुडपाकडे पाहात होता. त्याने नवरंगाचे त्याच्या भाषेतले नाव सांगितले. आम्ही ते वहीत लिहून मोठ्याने वाचले, तर तो हसला, कारण आम्ही ते चुकीचे लिहिले होते. मग म्हणाला, “काका, त्याचं घर तिकडं आहे. तुमच्या डब्यात दुसरा आहे ना, त्याले वाटते तो घर घ्यायले आला.” थोडे थांबून त्याने विचारले, “मी खायले मारतो. तुम्ही कशाले बोलावता?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. विणीच्या दिवसांत ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला वारंवार बाहेर काढणे म्हणजे त्याचा वेळ, त्याची शक्ती आणि त्याच्या घरट्याची राखण यांवर घाला घालणे, हे पक्षिनिरीक्षणाच्या कोणत्याही चांगल्या नियमावलीत असते. आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर ते लिहिलेले होते. टिळकांची कविता आम्ही त्या मुलावर रोखली होती. ती आमच्याचवर उलटली.

परतीच्या वाटेवर आम्ही विचार करीत होतो की चितमपल्ली यांनी आम्हांला या प्रसंगासाठी तयार का केले नाही? उत्तर त्यांच्या लेखनाच्या घडणीतच आहे. त्यांच्या रानात पाहणारा बहुधा एकटा असतो, फार तर सोबतीला एक जाणता माणूस. तेथे गर्दी नाही, यादी नाही, चढाओढ नाही. त्यांनी लिहिले त्या काळी मराठी मध्यमवर्गीयाच्या गळ्यात दुर्बीण नव्हती. त्यांच्या पुस्तकांनी ज्यांना रानाकडे लोटले त्यांची पुढे झुंड होईल, ही कल्पना त्या पानांत नाही, आणि त्यासाठी त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण एकट्याने घेतलेला आनंद आणि दहा जणांनी मिळून घेतलेला आनंद यांची नीती एक नसते. दहा जण गेले की प्रत्येकाला दाखविण्याची घाई होते, आणि घाईत पाखराची संमती कोणी विचारीत नाही. सहलींच्या या युगासाठी लिहिणारा नवा चितमपल्ली मराठीला अजून हवा आहे.

त्या मुलाने दुसराही एक प्रश्न आमच्यापुढे टाकला. चितमपल्ली यांच्या लेखनात आदिवासी माणूस आदराने येतो. ते त्याला अडाणी म्हणत नाहीत, गुरू मानतात. मराठी साहित्यात ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. तरीही आमच्या वाचनात असे आले की तो बहुधा सांगणारा म्हणून येतो. रानाची गुपिते सांगतो आणि लेखकाच्या वहीत ती ठेवून पुन्हा झाडांआड जातो. रान कोणाचे, हा प्रश्न त्या पानांवर क्वचितच ठळक होतो. वनखात्याच्या नोकरीत वाढलेल्या दृष्टीची ती मर्यादा असू शकेल, काळाचीही असेल. वनहक्क कायदा 2006 साली आला. 2009 मध्ये याच गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि साऱ्या देशाने त्या गावाकडे पाहिले. त्यानंतर ‘नवेगावबांधचे दिवस’ पुन्हा वाचताना मनात निराळे प्रश्न उठतात. ज्याने पाखराचे नाव सांगितले त्याचे नाव कोशात कोठे आहे? आलापल्लीच्या त्या मुलाने दिलेला शब्द आम्ही चुकीचा लिहिला. कोशातले किती शब्द असेच कोणाच्या तरी ओठांवरून आले असतील, आणि ते सांगणारे आज कोठे असतील?

इतके म्हटल्यावर या लेखनाची दुसरी थोर बाजू सांगितली नाही तर हिशेब अपुरा राहील. हे लेखन आता स्मरणवही झाले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा-भद्रावतीच्या माळांवर माळढोक दिसत असे, हे आज मुलांना सांगितले तर ती आपल्याकडे संशयाने पाहतात. चितमपल्ली यांच्या सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरीही राज्यातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला. गिधाडांचे तसेच. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी करते, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गडचिरोलीत वनखात्याने गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांसाठी खाद्याच्या जागा केल्या, आणि संवर्धन केंद्रात वाढविलेली गिधाडे ताडोब्याच्या रानात सोडण्याचा प्रयोग 2024 मध्ये झाला. ज्या पक्ष्याला आमच्या लहानपणी कोणी ढुंकून पाहात नसे, त्याला आता हाताने खाऊ घालून परत बोलवावे लागत आहे. ‘लाउदातो सी’ या 2015 सालच्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी, ज्या जीवजाती आपल्या लेकरांना कधीच दिसणार नाहीत त्यांच्याविषयी जी वेदना व्यक्त केली आहे, ती आम्हांस गिधाडांवाचूनच्या आभाळाकडे पाहताना कळते. अशा वेळी ‘पक्षिकोशा’तले प्रत्येक नाव महत्त्वाचे होते. पाखरू गेले तरी शब्द उरतो, आणि शब्द उरला तर निदान कोणीतरी विचारते की हे कोणाचे नाव होते?

मग ही पुस्तके घरात कशी वाचावीत? आमच्या घरी आता एक पद्धत पडली आहे. मुलांबरोबर चितमपल्ली यांचा लेख वाचताना आम्ही समासात तीन खुणा करतो. लेखकाने स्वतः पाहिले असेल तेथे डोळा, कोणाकडून ऐकले असेल तेथे कान, आणि ग्रंथातून घेतले असेल तेथे पान. कित्येकदा वाद होतो. हे वाक्य डोळ्याचे की कानाचे? ठरत नाही तेथे आम्ही काहीच काढीत नाही. या खेळाने पुस्तकाची गोडी कमी होईल अशी भीती होती, प्रत्यक्षात ती वाढली. मुलांच्या लक्षात आले की कानाच्या खुणा सर्वांत जास्त आहेत, आणि हा लेखक मुळात फार मोठा ऐकणारा होता. लोकांचे ऐकणे हा त्याचा गुण, सर्वांचे एकाच सुरात लिहिणे हा त्याचा दोष. दोन्ही एकाच स्वभावातून आले.

सहलीचेही आम्ही काही नियम केले. सहा जणांहून अधिक जावयाचे नाही. विणीच्या दिवसांत घरट्याजवळ थांबावयाचे नाही. फोन पिशवीत. गावातून जाताना आधी गावातल्याला विचारावयाचे, आणि त्याने सांगितलेल्या नावापुढे त्याची परवानगी घेऊन त्याचेही नाव लिहावयाचे. आमची यादी त्यामुळे लहान झाली. पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा आलापल्लीला गेलो तेव्हा दोन दिवसांत नवरंग एकदाही दिसला नाही. शीळ मात्र दोन्ही वेळा, सकाळी आणि सांजेला, ऐकू आली. वहीत त्याच्या नावापुढे आमच्यातल्या सर्वांत धाकटीने कानाची खूण केली, आणि शेजारी त्या मुलाने सांगितलेले नाव लिहिले. या वेळी त्यालाच शोधून, त्याच्याकडून दुरुस्त करून घेऊन.